मागीलदारचा वारा

३ जून २०२० च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं. त्या दिवसापर्यंत आमच्या मागीलदारी वारा म्हणून काही नव्हताच. घरामागे वाडी. वाडीत एकशे बारा पोफळी, अकरा माड, दोन रायवळ आंबे आणि एक कापा फणस. खाडीवरून येणारा वारा वरच्यावर झावळ्या हलवून निघून जायचा. खाली विहिरीच्या काठावर भांडी घासणारीच्या कपाळावरचा घाम काही सुकायचा नाही.

संध्याकाळी वादळ ओसरल्यावर आम्ही मागचं दार ढकलून उघडलं आणि समोर खाडी दिसली. आमच्यातली जी एक लग्न होऊन या घरात आली, तिला बारा वर्षांत त्या दारातून खाडी कधी दिसली नव्हती. पोफळी एकमेकींवर आडव्या पडल्या होत्या. अब्बा, म्हणजे आमचे सासरे, लुंगी वर खोचून उभ्या राहिलेल्या पोफळी मोजत होते. नऊ. पुन्हा मोजल्या. नऊच.

इथे एक खुलासा केला पाहिजे. आमच्या घरात ‘मी’ असं फारसं कुणी म्हणत नाही. अम्मी एकट्या बाजारात गेल्या तरी ‘आम्ही जाऊन आलो’ असंच सांगतात. शाळेत दिवसभर उर्दूत ‘हम’ म्हणायचं आणि घरी येऊन ‘आम्ही’ म्हणायचं, अशी जिभेला सवय. शिवाय पुढे जी गोष्ट सांगायची आहे ती कुणा एकाची नाहीच. तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं. ‘आम्ही’ म्हणजे कधी सगळं घर, कधी नवरा-बायको, आणि कधी उर्दू हायस्कुलात विज्ञान-गणित शिकवणारी बी.एड. झालेली मास्तरीण एकटीच.

गावात एकेचाळीस दिवस वीज नव्हती. विजेचे खांब पोफळींसारखेच मोडले होते. टाळेबंदी चालूच होती, शाळा बंद, आणि वरून फर्मान की मुलांना मोबाइलवर शिकवा. मोबाइल चार्ज करायला बाजारात जनरेटरवाल्याकडे रांग लागायची. आमच्या नववीच्या वर्गात अठ्ठावीस मुली. त्यांतल्या चौघींच्या घरी धड चालणारा फोन, आणि त्या चौघींचेही फोन थंड पडलेले. रात्री अम्मींच्या उशाशी रॉकेलचा दिवा आणि अंगणात गेल्या पावसाळ्यातल्यापेक्षा दुप्पट बेडूक. असो. त्या दिवसांबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं आहे.

घरधनी तेव्हा कुवेतहून सुट्टीवर आले होते, फेब्रुवारीत. तिकडे एसी दुरुस्तीचं काम. विमानं बंद झाली, सहा महिने उलटले, अकामा गेला, आणि ते घरीच राहिले. गल्फचा माणूस सुट्टीत घरी असतो तेव्हा पाहुणा असतो. सुट्टी संपूनही तो घरी राहिला की काय असतो, हे आम्हां दोघांनाही माहीत नव्हतं. ते घरभर फिरून दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालायचे. अम्मींचा मिक्सर न बिघडताच दोनदा उघडून झाला होता.

ऑक्टोबरात पाऊस सरला आणि दुपारचा खारा वारा सुटला. आता त्याला अडवायला काही नव्हतं. तो सरळ मागच्या दारातून आत येई, दोरीवरच्या ओढण्या उडवी, चूल विझवी, आणि पुढच्या दारातून जाई. एका दुपारी दार लावता लावता घरधनी म्हणाले, “एवढा वारा फुकट चाललाय.” तिथून सुरुवात झाली.

वर्गात हा धडा आम्ही कितीदा शिकवला होता. उर्दूत ऊर्जा म्हणजे तवानाई, चुंबक म्हणजे मकनातीस, विजेचा प्रवाह म्हणजे बर्की रौ. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला उर्दू भूगोलात नसीम-ए-बहरी म्हणतात. नाव इतकं गोड की मुलींना ते कवितेतलंच वाटतं. पवनचक्कीपाशी मात्र दरवर्षी घोटाळा व्हायचा. मुली ‘पनचक्की’ लिहायच्या. पनचक्की पाण्यावर चालते, औरंगाबादला बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात आहे ती. वाऱ्यावर चालणाऱ्या चक्क्याही आपल्याला परक्या नाहीत. दहाव्या शतकातल्या इस्तख्रीने सीस्तानातल्या चक्क्यांविषयी लिहून ठेवलं आहे. तिथे उन्हाळ्यात एकशेवीस दिवसांचा वारा वाहतो आणि त्याला नावच तसं आहे, ‘बाद-ए-सद-ओ-बीस्त-रोज’. खुरासानात नश्तीफान नावाच्या गावात मातीच्या भिंतींमध्ये उभ्या लाकडी पात्यांच्या तशा जुन्या चक्क्या अजून आहेत. आणि आपल्याच देशात १९८६ साली वाऱ्यावर वीज करणारी जी पहिली केंद्रं उभी राहिली, त्यांत रत्नागिरीचा किनारा होता. हे सगळं आम्ही फळ्यावर लिहायचो. पण वाऱ्यावर पेटलेला एक दिवा आम्हीसुद्धा पाहिलेला नव्हता.

अल्टरनेटर हा पहिला मूर्खपणा. घरधन्यांनी भंगारातून जुन्या जीपचा अल्टरनेटर आणला. पंधरा दिवस त्याच्यामागे गेले. मोटारीचा अल्टरनेटर इंजिनाच्या वेगाला बनवलेला असतो. मिनिटाला हजारभर फेरे झाल्याशिवाय तो कामाला लागत नाही, आणि त्याच्यात कायमचं चुंबक नसल्यामुळे जागा व्हायला आधी बॅटरीतूनच वीज मागतो. हाताने फिरवून फिरवून आमचे खांदे गेले, दिवा काही लागला नाही. मग मुंबईला गेलेल्या धाकट्या दिरांनी चोरबाजारातून व्यायामाच्या चालपट्टीची, म्हणजे ट्रेडमिलची, जुनी मोटर आणली. हिच्यात कायमचं चुंबक. मोटर फिरवली की तीच वीज देते. पाटीवर १८० व्होल्ट आणि ४,००० फेरे असं लिहिलेलं. सरळ त्रैराशिक मांडलं: एका व्होल्टला बावीस फेरे, बॅटरी भरायला तेरा व्होल्ट, म्हणजे मिनिटाला साधारण २९० फेरे पाहिजेत. एवढा वेग वाऱ्याने देणं शक्य होतं.

पाती सहा इंची पीव्हीसी पाइपाची केली. पाइप उभा चिरायचा, तीन फूट लांब पट्ट्या घ्यायच्या, बुडाशी रुंद आणि टोकाला निमुळत्या कापायच्या. पाइपाचा मूळचा बाकच पात्याचा बाक होतो, हे या कामातलं फुकटात मिळणारं एकमेव कौशल्य. तीन पाती सारख्या वजनाची हवीत, नाहीतर चाक थरथरतं. त्यासाठी अम्मींचा किराणाचा तराजू घेतला. कानस मारताना पांढरा भुगा सगळ्या पडवीत उडाला आणि अम्मींनी तो आठवडाभर डाळीतून वेचला. मागची शेपटी वादळात उडालेल्या न्हाणीघराच्या पत्र्याची.

चाक आधी घराच्या कौलांवर बसवलं. दुसरा मूर्खपणा. घरावर आदळून वर उसळलेला वारा सरळ नसतो, गरगरत असतो. चाक कधी इकडे तोंड करी, कधी तिकडे. वीज मिळेचना, पण त्याची थरथर वाशांतून खाली उतरून सगळं घर मधमाश्यांच्या पोळ्यासारखं घुमायचं. पहाटे तहज्जुदला उठलेल्या अम्मी म्हणाल्या, “हे काढा. सजद्यात कपाळाला मुंग्या येतात.”

आणि तिसरी गंमत. कौलांवर असतानाच एका संध्याकाळी पानही हलत नव्हतं आणि चाक मात्र झपझप फिरत होतं. शेजारचे लोक कुंपणाशी जमले. घरधनी छाती काढून उभे. आमच्यातल्या मास्तरणीला शंका आली म्हणून तिने बॅटरीची तार सुटी केली, तर चाक थांबलं. बॅटरी मोटरीला वीज देत होती आणि आम्ही भरलेली वीज पंखा फिरवण्यात संपत होती. बॅटरीकडे जाऊ देणारा पण परत येऊ न देणारा डायोड बसवायचाच राहिला होता. चाळीस रुपयांची वस्तू. पुढे डायोडचा धडा शिकवताना आम्ही हीच फजिती सांगत आलो आहोत. मुली तो धडा विसरत नाहीत.

आता पाहिजे होता खांब. आसपास शंभर मीटरात जे काही उंच असेल त्याच्याहून तीसेक फूट वर चाक हवं, असा या कामातला दंडक. घर बारा फूट, म्हणून वीस-वीस फुटांचे दोन जीआय पाइप जोडून चाळीस फुटांचा खांब ठरला. तो उभा कसा करायचा? आतापर्यंत अब्बा या सगळ्यात नव्हते. ते वाडीत पडलेल्या पोफळींचे तुकडे करून रचत बसायचे. त्या दिवशी कोयता खाली ठेवून ते पाइपाभोवती एक फेरी मारून आले.

अब्बांनी तरुणपणी गलबतावर काम केलं. मंगलोरहून मुंबईला कौलं न्यायची. नंतर मोठ्या आगबोटींवर खलाशी. डोलकाठी उभी करणं त्यांच्या हाताखालून कैक वेळा गेलेलं. त्यांनी बुडाशी बिजागरी करवली, खांबाला काटकोनात दुसरा आखूड पाइप बांधला, त्याच्या टोकाला दोर आणि कप्पी. आखूड पाइप जसजसा जमिनीकडे येईल तसतसा लांब खांब आकाशाकडे जातो. चार बाजूंना चार खुंट, त्यांना ताणाच्या तारा. “पूर्वेची ढिली सोडा. बेटा, तू नको, तू मागं हो.” अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण आवाज गलबतावरचा. बिस्मिल्ला म्हणून आम्ही सगळ्यांनी दोर ओढला, आमची थोरली सुद्धा. फेब्रुवारी २०२१ मधला जुम्याचा दिवस होता. खांब उभा राहिला, शेपटीने सुकाणूसारखं चाक वाऱ्यावर धरलं, आणि दुपारी दोनच्या सुमारास काटा तेरा व्होल्टांच्या पुढे सरकला. संध्याकाळी पडवीत पाच वॅटचा दिवा लागला. वीज कधीच परत आलेली होती, त्यामुळे आम्ही घरातले बाकीचे दिवे मुद्दाम बंद करून त्याच्याखाली बसलो.

आता हिशेब सांगतो, कारण पुष्कळांनी विचारलं. मोटर, पाइप, तारा, मोटारीची ६५ अँपिअर-अवरची बॅटरी, सगळं मिळून अकरा हजारांवर गेलं. वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाने वाढते, उर्दूत मुकअब म्हणतात ते. वेग दुप्पट झाला की ताकद आठपट. वेग निम्मा झाला की आठवा भाग. वाऱ्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्के शक्तीच कुठलंही चाक घेऊ शकतं, हे बेट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं. आमच्या पाइपाच्या पात्यांना आणि भंगारातल्या मोटरीला त्याच्याही तिसरा हिस्सा मिळाला तर नशीब. चांगल्या दुपारी तीस-चाळीस वॅट, सहा तास. म्हणजे पाच दिवसांत एक युनिट. वर्षाकाठी वाचणारे पैसे चार-पाचशे रुपये. बॅटरी चार वर्षांत मरते. त्याच पैशांत सौर पॅनेल घेतलं असतं तर दुप्पट वीज मिळाली असती, तेही आवाज न करता. फक्त पावसाळ्यात, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही आणि तारा तुटतात तेव्हा आमचं चाक जोरात असतं. त्या दिवसांत शेजारपाजारचे मोबाइल आमच्या पडवीत रांगेने चार्जिंगला लागतात. पैसे घेत नाही.

शाळा उघडल्यावर मुलींनी याचं हातभर उंचीचं रूप केलं, सायकलचा डायनमो लावून. त्यांना आम्ही मलावीतल्या विल्यम कामक्वांबाची गोष्ट सांगितली होती. दुष्काळात फी भरता आली नाही म्हणून शाळा सुटलेला चौदा वर्षांचा मुलगा, वाचनालयातलं इंग्रजी पुस्तक धड वाचता येत नव्हतं, आकृत्या बघून त्याने सायकलची चौकट आणि ट्रॅक्टरचा पंखा घेऊन चक्की उभी केली. मुलींना त्यातलं ‘धड वाचता येत नव्हतं’ हेच फार आवडलं. एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांनी मराठीत विचारलं, “ऊर्जेचं रूपांतर सांग.” आमची मुलगी सगळं बरोबर सांगत होती, पण तवानाई, बर्की रौ, मजाहमत असंच येत होतं. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे वळले. तेव्हा ती मागून मोठ्याने म्हणाली, “सर, तवानाई म्हणजेच ऊर्जा. वारा तोच आहे.” ते थांबले, परत आले. नंबर आला नाही, ते सोडा. उर्दूतून शिकणाऱ्या मुलीला प्रत्येक गोष्ट दोनदा शिकावी लागते. या वेळी तिने ती दोनदा सांगून दाखवली.

खरी गोष्ट आता येते. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ येणार म्हटल्यावर अब्बांनी आदल्या दिवशीच खांब आडवा करायला लावला. घरधनी नको म्हणत होते. १७ तारखेला वादळ समुद्रातूनच पुढे गेलं, पण गावातली कौलं उडालीच. चाक जमिनीवर होतं म्हणून राहिलं. त्यानंतर पाऊस लागला, आणि अब्बांनी बाजारातून श्रीवर्धनी रोठ्याची रोपं आणली. नव्वद रोपं. नऊ-नऊ फुटांवर खड्डे, मधे सावलीला केळी. आणि कुठे लावली? खांबाच्या पश्चिमेला, बरोबर खाडीच्या बाजूला, जिथून आमचा वारा येतो तिथे.

पोफळ काय होते हे आम्हांला माहीत होतं. आठ-दहा वर्षांत पंचवीस-तीस फूट. झाडांच्या रांगेमागचा वारा तिच्या दुप्पट उंचीपर्यंत गढुळलेला असतो. म्हणजे अब्बांचं एक एक रोप आमच्या चाकाची मुदत लिहीत होतं. घरधन्यांनी सांगून पाहिलं, पूर्वेला लावा, दक्षिणेला लावा. अब्बा म्हणाले, “पश्चिमेला लावली तर बाकीची जगतील. वारा आधी कुनीतरी अंगावर घ्यायला पायजे.” मग अम्मींच्या मार्फत बोलणं झालं. तेव्हा म्हणाले, “मना सावली पायजे. तुमचा दिवा तुमी बघा.” त्यावर बाप-लेकांचं दोन महिने धड बोलणं नव्हतं. एका ताटात जेवायचे, पण बोलायचे नाहीत. आमच्यातल्या सुनेने मधे पडायला हवं होतं. ती पडली नाही, कारण तिलाही चाकच हवं होतं. घरात नवरा आहे याचा आवाज म्हणजे तो चाकाचा आवाज, असं तिच्या मनात कुठेतरी बसलं होतं.

त्याच वर्षी डिसेंबरात घरधन्यांना कुवेतचा नवा व्हिसा मिळाला. जाताना त्यांनी तारा कशा आवळायच्या, मोटरीच्या दोन तारा एकत्र जोडून चाक कसं थांबवायचं, हे सगळं थोरलीच्या वहीत चित्रं काढून दिलं. अब्बांशी सलाम-दुआ झाली. रोपांचा विषय निघाला नाही.

मे २०२२ मध्ये पावसाआधी बेअरिंगला ग्रीस घालायचं, रंग मारायचा म्हणून खांब खाली घ्यायचा होता. चाळीस फूट खांब आडवा व्हायला चाळीस फूट मोकळी जागा लागते, आणि बिजागरी अशी की तो पश्चिमेकडेच निजतो. म्हणजे रोपांवर. आम्ही धीर करून अब्बांकडे गेलो, की पाच-सहा रोपं काढावी लागतील. ते उठले, काठी घेऊन वाडीत आले आणि काठीने दाखवलं. खांबाच्या समोर एक ओळ लावलेलीच नव्हती. बाकी सगळीकडे नऊ-नऊ फुटांवर झाड, आणि मधे एक सरळ पट्टा अठरा फुटांचा, खांबाच्या लांबीहून थोडा जास्तच. वर्षभर केळीच्या पानांआड तो आमच्या नजरेत आला नव्हता. नऊ फुटांत सहा फुटांचं चाक आज मावलं असतं, पण झाप पसरल्यावर मावलं नसतं, म्हणून एक ओळच गाळलेली. तेवढी झाडं कमी लावली होती त्यांनी. आम्ही त्यांच्याकडे बघत राहिलो. ते म्हणाले, “बघताव काय, दोर आना.”

रात्री कुवेतला फोन करून आम्ही हे सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग, “फोन अब्बांना द्या.” ते काय बोलले ते आम्ही ऐकलं नाही. मुद्दामच स्वयंपाकघरात गेलो.

आता पोफळी पंधरा-सोळा फुटांवर गेल्या आहेत. उन्हात काठीची सावली आणि झाडाची सावली मोजून थोरलीने गणित केलं. दुपारचा काटा पूर्वी जिथे तेराच्या पुढे जायचा तिथे आता कधी जातो, कधी नाही. शेपटी अधूनमधून कावरीबावरी होते. खांब साठ फुटांचा करावा, असं घरधनी फोनवर म्हणतात. साठ फुटांच्या खांबाला साठ फुटांचा पट्टा लागेल, तेवढी वाडी नाही. मागचं दार उघडलं की खाडी आता तुकड्यातुकड्यांनी दिसते. विहिरीपाशी दुपारी सावली असते. दोन पोफळींना यंदा पहिली पोय आली. अब्बांची नजर आता अधू झाली आहे. ते पडवीत बसून चाकाच्या आवाजावरून खारा वारा सुटला की मतलई, ते सांगतात, आणि अजून चुकत नाहीत.

यंदाही मे महिन्यात खांब खाली घेतला. दोर ओढायला थोरली, तिच्या वर्गातल्या तिघी मुली आणि आम्ही. घरधनी व्हिडिओ कॉलवर, धाकट्याच्या हातातल्या फोनमध्ये. “पूर्वेची तार आधी सोडा, पूर्वेची!” असं तिकडून ओरडत होते. खुर्चीवरून अब्बा म्हणाले, “त्याला सांग, गप बस. वारा हितं हाय.”

मुलींनी तार सोडली. खांब हळूहळू पट्ट्यात उतरायला लागला, दोन्हीकडच्या झापांना न लागता.